बोटं मोजायचं काम

साताऱ्यात पोवई नाक्यावर परवा एक फ्लेक्स लागला. कुणा दादांचा वाढदिवस. दादा मधोमध, पांढरा शर्ट, हात जोडलेले. मागं भगवं आभाळ, मशाली, घोडे आणि मावळे. रिक्षा गर्दीत अडकली होती म्हणून मावळे नीट बघता आले. एकाच्या अंगावर रोमन शिपायाचं चिलखत होतं. दुसऱ्यानं तलवार पात्याकडून धरली होती. तिसऱ्याच्या मशालीच्या हाताला सहा बोटं. घोड्यांचे पाय मोजायला घेतले तोवर रिक्षा सुटली.

रिक्षावाल्याला म्हटलं, पाहिलंत का, सहा बोटं काढलीयत. तो म्हणाला, "दादांची पाचच हायत न्हवं? मग झालं."

*

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पेंटरकाकांची टपरी होती. आडनाव कुणी घेत नसे, पेंटर हेच आडनाव. मी लग्न होऊन 1988 साली मिरजेहून साताऱ्यात आले, तेव्हा आमच्या पेठेतल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. दवाखाना, पिठाची गिरणी, वकील, 'येथे पिको-फॉल करून मिळेल'.

त्यांचं काम बघत उभं राहणं हा तेव्हा माझा भाजी आणायला जातानाचा उद्योग होता. पत्र्यावर आधी रेडऑक्साइडचा हात, मग पांढऱ्याचे दोन. वाळलं की सुतळी निळीत बुडवायची, दोन्ही टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत उचलायची आणि सोडायची. टप्. पत्र्यावर निळी रेघ उमटे. ती शिरोरेघ. मग खडूनं कच्ची अक्षरं, आणि शेवटी ब्रश. मनगटाखाली एक काठी, तिच्या टोकाला चिंधीचा बोळा, म्हणजे हात पत्र्याला लागत नाही. हाताखाली एक-दोन पोरं असायचीच. ती पहिली दोनतीन वर्षं फक्त अस्तर मारायची आणि ब्रश धुवायची. मग कधीतरी एखाद्या पाटीवरचा 'प्रो.प्रा.' त्यांच्या वाट्याला यायचा. मोठं नाव काका लिहिणार, पोरगं कोपऱ्यातला फोन नंबर.

काकांचा एक हट्ट होता. ल आणि श. "दांडीचा ल आपला न्हवं, वहिनी. आपल्या ल ला दोन पाकळ्या. आणि श ला गाठ मारायची न्हाई, देठ काढायचा." 6 नोव्हेंबर 2009 ला राज्य शासनानं मराठी लिपीचा निर्णय काढला, त्यात हेच आहे : पाकळीयुक्त ल, देठयुक्त श. काकांना त्या निर्णयाचा पत्ता नव्हता. ते आपले पहिल्यापासून तसंच काढत होते.

फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम दोन-तीन वर्षांत आटलं. मग काकांनी गाड्यांच्या नंबरप्लेटी धरल्या, त्या रेडियमवाल्यांनी नेल्या. मग झेडपी शाळांच्या बोलक्या भिंती. बेडूक, फुलपाखरू, पाढे, मानवी पचनसंस्था. अजून तेच चालू आहे, गुडघे साथ देतील तितकं.

गेल्या गणपतीत एका मंडळाची निमंत्रणपत्रिका फोनवर आली होती, उघडउघड एआयची. ती मी काकांना दाखवली. गणपती झकास होता. सोंडेवर कोवळं ऊन, दागिने असे की पेढीवाला चाट पडेल. काकांनी गणपतीकडं पाहिलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मंगलमूर्तीचा रफार मू वर बसलाय. ती वर पायजे." आणि मग, जरा थांबून, "ल दांडीचा हाय."

अक्षरांच्या बाबतीत ही यंत्रं आता पुष्कळ सुधारली आहेत. रफार आपल्या जागी बसू लागलाय. ल मात्र अजून बहुतेक वेळा दांडीचाच येतो.

*

मार्च 2025. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर सगळे एका रात्रीत जपानी झाले. घिब्ली या जपानी कार्टूनपट-स्टुडिओच्या चालीचे मोठे डोळे, गुलाबी गाल, मागं गवत. ओपनएआयनं नवं चित्र-यंत्र खुलं केलं आणि घिब्लीच्या मियाझाकींनी आयुष्यभर हातानं रेखाटत आणलेली ती शैली आमच्या वाईच्या सासरेबुवांच्या धोतरापर्यंत पोचली. सासूबाईंनी स्वतःचं चित्र पाहिलं आणि विचारलं, "माझा चष्मा कुठं गेला?"

हसलो सगळे. मीही माझं करून घेतलं. खोटं कशाला बोला.

*

सांगलीची भाची. उपयोजित कला शिकली, विश्रामबागेत घरूनच काम करते. लग्नपत्रिका, क्लासच्या जाहिराती, आणि हंगामात द्राक्ष-बेदाण्याची खोकी. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस या पट्ट्यातल्या बागायतदारांचे बॉक्स. खोक्यावर बागेचं नाव, घड, पान, जमलंच तर देवाचा फोटो. एका खोक्याचे तिला चार हजार मिळायचे.

आता गिऱ्हाईक चित्र घेऊनच येतं. "मावशी, ते म्हणतात, चित्र तयार आहे, फक्त नाव टाक आणि छापायला दे. आठशे घे."

असंच एक चित्र तिनं मला दाखवलं. घड इतका तकतकीत की वरून दंव ओघळतंय. ती म्हणाली, नीट बघ. मला काही दिसेना. मग तिनं त्या बागायतदाराचा निरोप ऐकवला. चित्र त्याच्याच मुलानं बनवलं होतं, पण बापानं ते पाहून फोन केला होता : "अगं पोरी, माझी सोनाका हाय. सोनाकाचा मणी लांबडा असतोय. ह्यो गोल कुणाचा काढलाय? आणि हे पान द्राक्षाचं न्हाईच."

तिनं यंत्राला सांगून पाहिलं. मणी लांब कर. यंत्रानं वांग्यासारखे केले. देठ, घडाचे खांदे, मण्यावरची पांढुरकी झाक, सगळं सांगून पाहिलं. शेवटी फोनमधला स्वतः बागेत काढलेला फोटो समोर ठेवून तिनं घड हातानं रंगवला. एक अख्खा दिवस गेला. पैसे आठशेच, कारण ठरलं तेच होतं.

"हल्ली माझं काम म्हणजे बोटं मोजायचं," म्हणाली. "कुणाची जास्त झाली की पुसायची."

तीही ही साधनं वापरते, हे लिहायला हवं. पार्श्वभूमी, आभाळ, सावल्या ती यंत्राकडूनच काढून घेते. "ते न वापरून चालेल असं तुला वाटतं?" मी काही बोलले नाही. तिला मेंदीचे हात लागतात तेव्हा ती स्वतःच्या हाताचा फोटो काढते, एवढं मात्र पाहिलंय.

*

कबुली.

आमच्या वाचनालयाची स्मरणिका निघायची होती. मुखपृष्ठ दर वेळी गावातले एक चित्रकार काढून देतात. दीड हजार रुपये आणि पाच प्रती हा ठरलेला हिशोब. या खेपेला समितीच्या बैठकीत एका सभासदाच्या मुलानं चहा येईपर्यंत चार मुखपृष्ठं करून दाखवली. पुढं पुस्तक, मागं अजिंक्यतारा, वर सूर्य. फुकट. हात वर करा म्हणाले. मी केला.

छापून आल्यावर घरी चष्मा लावून पाहिलं. अजिंक्यताऱ्यावर राजस्थानी छत्र्या होत्या. चार घुमट, मधे कमानी, जणू उदयपूर. आमचा किल्ला वरून सपाट, ताटासारखा. त्यावर टेलिव्हिजनचा मनोरा आहे, तो लहान मुलंसुद्धा चित्रात काढतात. रोज सकाळी खिडकीतून जो डोंगर दिसतो, तो समितीतल्या अकरा जणांपैकी एकालाही ओळखता आला नाही, आणि त्यातली एक मी.

पाचशे प्रती गेल्या. एकही तक्रार नाही.

नंतर ते चित्रकार राजपथावर भेटले. आता विचारणार, असं वाटून मी आधीच बोलायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडं?" आमची गल्ली त्यांच्या घरापासून चार मिनिटांवर.

*

मिरजेला जायचं होतं, वडिलांचा तंबोरा घेऊन. कोयना एक्स्प्रेसमधे तंबोरा म्हणजे एक माणूसच. लोक त्याला जागा देतात, मला देत नाहीत.

रहिमतपूर गेलं की डावीकडं औंधाची आठवण येते, किर्लोस्करवाडी आली की लक्ष्मणरावांची. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1885 साली मुंबईला जे. जे. त चित्रकार व्हायला गेले होते. दोनेक वर्षांनी कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले. मग ते यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत तेच शिकवू लागले, पुढं बेळगावात सायकली, मग लोखंडी नांगर, आणि 1910 मधे औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर कारखाना. एका चित्रकाराच्या डोळ्यातला दोष आणि त्यातून उभं राहिलेलं यंत्रांचं गाव.

आणि त्याच वाडीत त्यांचे पुतणे शंकरराव. हे पंडित सातवळेकरांकडं लाहोरला जाऊन चित्रकला शिकलेले. यांनी 1920 मधे कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून 'किर्लोस्कर खबर' काढली, ती पुढं मासिक झाली. नांगराच्या जाहिरातीला चित्र लागतं, मासिकाला व्यंगचित्र लागतं. शंकरराव दोन्ही करत. यंत्राचा कारखाना आणि चित्रकाराचा टाक यांचं तेव्हा वाकडं नव्हतं, कारण यंत्राला विकलं जायला चित्र लागत होतं.

गाडी वाडीला दोन मिनिटं थांबते. भेळवाला तंबोऱ्याकडं बघून म्हणाला, "वाजवा की मावशी, मिरजेपत्तूर." वाजवता आलं असतं तर.

*

मिरज. सतारमेकरांची गल्ली. माहेर जवळच, त्यामुळं या गल्लीतला फ्रेंच पॉलिशचा वास मला लहानपणापासून ओळखीचा. हे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, तलवारी-बंदुकांची कामं करणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांकडं हात वळवला. तेव्हापासून ही गल्ली. 2024 मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

म्हणजे आज आपण ज्यांना परंपरागत कारागीर म्हणतो, त्यांच्या आधीच्या पिढ्यांचं काम कुणीतरी एकदा काढून घेतलेलंच होतं. हे मी गाडीत लिहून ठेवलं होतं, जरा स्वतःला धीर द्यायला. दुकानात शिरल्यावर तो धीर टिकला नाही.

वडील शौकिया गायचे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलींना दर्ग्यात रात्ररात्र बसायचे. त्यांचा हा रियाजाचा तंबोरा, साधा, नक्षी बेताची. नव्वदच्या आसपास घरात पेटी आली, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी ती बनवली आणि मग ती देशभर गेली. बटण फिरवलं की सा, दुसरं फिरवलं की पंचम. तारा तुटत नाहीत, पावसाळ्यात उतरत नाहीत, प्रवासात भोपळा फुटत नाही. वडील खूश. तंबोरा खोळ घालून कोपऱ्यात. आता तर पेटीही माळ्यावर आहे, फोनमधेच तंबोरा असतो.

कारागिरांनी खोळ काढली, भोपळ्यावर टिचकी मारली, ऐकलं. "भोपळा ठीक आहे ताई. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचाच आहे. जवारी गेलीय."

जवारी बघायची तर खाली बसावं लागतं. घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो. नखावर नख ठेवावं तितका. तार त्या उतारावरून जाते आणि हलताना घोडीला जागोजाग चाटून जाते, त्यातून ती गुंजारव करते. वर्षानुवर्षांत तार घोडीत चर पाडते, गुंजारव मरतो. त्यांनी तारा सैल केल्या, घोडी मोकळी केली, बारीक कानस घेतली. दोन हात फिरवले. फुंकर. बोटानं चाचपलं. पुन्हा एक हात. मोजमाप नाही, पट्टी नाही. तारा चढवल्या, मग सुताचा एक पांढरा दोरा तारेखाली सरकवला आणि तो केसभर पुढं, केसभर मागं करू लागले. तार मुकी, मुकी, मुकी. आणि एका जागी दोरा आला तसा आवाज एकदम उघडला. खोलीतल्या भिंतीवर टांगलेल्या सतारीसुद्धा किंचित झणाणल्या.

"हे पेटीत येत नाही," मी म्हटलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

"येतं की. हल्ली चांगलं येतं," ते म्हणाले. "मैफलीवाले अजून येतात, त्यांना हाच लागतो. मोठ्या कामाला मरण नाही. पेटीनं नेला तो हा, रियाजाचा. साधा." त्यांनी वडिलांच्या तंबोऱ्यावर हात ठेवला. "यावरच पोरं हात बसवायची, ताई. खुंटी बसवणं, तबली घासणं, घोडी कापणं. बिघडलं तरी नुकसान थोडं. मैफलीच्या तंबोऱ्यावर पोराला कानस कशी देऊ?"

दुकानात पोरगं नव्हतंच. एक साठीचा भाऊ होता, तो लाकूड तासत होता.

परतीच्या गाडीत हेच डोक्यात. पेंटरकाकांकडचा 'प्रो.प्रा.' लिहिणारा पोरगा, भाचीची पहिली लग्नपत्रिका, दीड हजारांचं मुखपृष्ठ आणि हा साधा तंबोरा. यंत्र वरून खात येत नाही, खालून खातं. खालची पायरी काढून घेतली की वरच्या पायरीवर आज जो उभा आहे त्याला काहीच होत नाही, तो आपला दिसतो तसा दिसत राहतो. त्याच्या मागून कुणी येत नाही एवढंच. हे दिसायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, आणि तोवर सगळे म्हणत राहतात की खऱ्या कलेला धोका नाही.

*

औंध. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं श्रीभवानी चित्रसंग्रहालय, 1938 चं. बहात्तर खेड्यांचं एवढंसं संस्थान आणि त्यात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं, धुरंधर, बाबुराव पेंटर, शिवाय हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल. राजेसाहेब स्वतः चित्रं काढत. भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी लाखाची देणगी देऊ केली ती मुळात सचित्र महाभारत व्हावं म्हणून. पदरी चितारी ठेवायचे, त्यांना शिकायला पैसे द्यायचे, सातवळेकरांना बोलावून घ्यायचे. चित्र चांगलं की वाईट हा पुढचा मुद्दा. आधी चित्रकाराची भाकरी.

रविवर्म्यासमोर उभी राहिले तर शेजारच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अगं बाई, हे आपल्या देवघरातलं." नवरा म्हणाला, "तसलंच." दोघांचंही बरोबर. रविवर्म्यानं 1894 मधे मुंबईत छापखाना घातला, तो पुढं मळवलीला गेला. त्याच्या आधीपासून, 1878 पासून, पुण्यात चित्रशाळा छापखाना होताच. त्या छापांनी घरोघरच्या देवांचे चेहरे ठरवले. त्याआधी भिंतीवर, पाटावर, कागदावर देव काढणारी गावोगावची माणसं होती, त्यांच्याकडं लक्ष्मी कधी बसकी असेल, कधी चपट्या नाकाची. छाप आले आणि सगळ्या लक्ष्म्या बहिणी-बहिणी दिसू लागल्या.

पण त्या छापामागं एक माणूस होता आणि त्याची चित्रं बघायला औंधाच्या डोंगरावर जाता येतं. फोनवर रोज सकाळी जे देव येतात त्यांची मूळ प्रत कुठल्या डोंगरावर आहे? हल्ली मारुतीच्या पोटावर सहा गड्ड्या असतात. रामसुद्धा जिमला जाऊन आल्यासारखा. सूर्यनमस्कारांचा एवढा प्रचार करणाऱ्या औंधच्या राजेसाहेबांना ते आवडलं असतं की काय, असा एक वात्रट विचार पायऱ्या उतरताना आला.

*

मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं. कुणी काढली? नाव नाही. तेव्हा चितारी सही करत नसत.

हे टिपून ठेवलं, कारण 'कलाकाराचं नाव, कलाकाराचं नाव' असा घोष मीही करते. नाव नसताना पोट भरत होतं, आता इन्स्टाग्रामवर नाव आहे.

*

कोर्टातले एक परिचित वकील, चहावर.

त्यांच्या म्हणण्यानुसार आपला 1957 चा कॉपीराइट कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा पुढारलेला आहे. 1994 च्या दुरुस्तीत लिहूनच ठेवलंय की संगणकानं निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. अमेरिकेत स्टीफन थेलर यांनी यंत्रालाच कर्ता म्हणून नोंदवा असा खटला चालवला. 2023 मधे आणि अपिलात 2025 मधे कोर्टानं सांगितलं, कर्ता माणूसच लागतो. आपल्याकडं 2020 मधे 'सूर्यास्त' नावाच्या चित्राला 'राघव' या प्रणालीचं नाव सहकर्ता म्हणून चिकटवून नोंदणी मिळाली होती, मग कार्यालयानंच ती मागं घेण्याची नोटीस काढली.

"म्हणजे अजिंक्यताऱ्यावरच्या छत्र्यांचा कर्ता कोण?"

"तुमची समिती."

मग मी विचारलं, यंत्र ज्यांच्या चित्रांवर शिकलं त्यांचं काय? या यंत्रांना शिकवायला वापरलेला चित्रांचा एक साठा 585 कोटी चित्रांचा होता. अमेरिकेतले चित्रकार सेरा अँडरसन, केली मॅकर्नन, कार्ला ऑर्टिझ या यंत्रांच्या कंपन्यांशी 2023 पासून कोर्टात भांडतायत. वकीलसाहेबांनी बशीत चहा ओतला. "शिष्यानं गुरूचं पाहून काढलं तर आपण चोरी म्हणत नाही."

"शिष्य गुरूच्या घरी पाणी भरतो," मी म्हटलं.

"ते कलम नाही कायद्यात."

*

19 फेब्रुवारी. आज सकाळपासून महाराजांची एकवीस चित्रं फोनवर आली. एकवीस वेगवेगळी नाकं.

पूर्वी एक इब्राहिम खानाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून चालायचं. वा. सी. बेंद्र्यांनी कागदपत्रं धुंडाळून 1933 मधे समकालीन चित्र पुढं आणलं तेव्हा कुठं चेहरा सापडला. आणि शासनाच्या कचेऱ्यांत जे अधिकृत चित्र लागतं ते कोल्हापूरच्या जी. कांबळ्यांचं. कांबळे कोण? सिनेमाची पोस्टरं रंगवणारे. 'मुघल-ए-आझम'ची मोठमोठी पोस्टरं त्यांच्या हातची. सिनेमाच्या पोस्टरावर चेहऱ्यांमागून चेहरे रंगवून बसलेला हात, मग महाराजांच्या चेहऱ्याला लागला.

साताऱ्याच्या संग्रहालयात 2024 च्या जुलैत लंडनहून वाघनखं आली होती तेव्हा रांग केवढी होती. ती महाराजांचीच आहेत का, यावर गावभर वाद. वस्तूच्या खरेपणावर आम्ही भांडतो. चेहऱ्याच्या बाबतीत 'फॉरवर्ड'.

एकवीसपैकी एक मलाही आवडलं. पुढं पाठवलं नाही. जपून मात्र ठेवलंय.

*

व्यंकटेश माडगूळकर स्वतः चित्रं काढायचे, प्राण्यांची, माणसांची. माडगूळच्या माळावर वाढलेला माणूस. त्यांचं गद्य वाचताना कळतं की या माणसानं मेंढरू नुसतं पाहिलेलं नाही, कधीतरी काढलेलं आहे. काढायला बसलं की मेंढराचा कान कुठून निघतो हे बघावंच लागतं.

मला इंटरमिजिएटला बी ग्रेड होती. मेंढराचा कान कुठून निघतो ते मला माहीत नाही. अजिंक्यतारा वरून कसा दिसतो तेही माहीत नव्हतं, हे सिद्ध झालेलं आहे.

*

भाचीचा फोन. तो सोनाकावाला बागायतदार परत आला. या वर्षी दोन तऱ्हेची खोकी. म्हणाला, घड तुझाच ठेव, पण मागं जरा ते यंत्राचं डोंगर-बिंगर टाक, भारी दिसतंय. आणि दीड हजार देतो.

"घेतलंस?"

"घेतलं. डोंगर कुठले टाकू, मावशी? आमच्याकडं तर डोंगर नाहीत तसले."

दंडोबा टाक म्हटलं.

*

पेंटरकाकांनी निरोप पाठवला. सातारा-कोरेगाव रस्त्यावरच्या एका गावात शाळेच्या भिंतीवर नाव लिहायचंय, हाताखाली कुणी नाही, सुतळीचं टोक धरायला या. माझं वय अठ्ठावन्न, त्यांचं पंच्याहत्तरीपार. गेलो दोघं एसटीनं, रंगाचे डबे पिशवीत.

भिंत लांबलचक. त्यांनी स्टुलावर चढून एक टोक धरलं, मी दुसऱ्या टोकाला. "ताणा. आणखी. खाली नगा घेऊ." मधे चिमटी धरायला तिसरं माणूस लागतं, तर पाचवीतला एक पोरगा आला. त्यानं सुतळी उचलली आणि सोडली. टप्. निळीचा शिंतोडा त्याच्या नाकावर. सगळी पोरं हसली. मग प्रत्येकाला सुतळी सोडायची होती, म्हणून एका ठिकाणी उगाच चार रेघा झाल्या, त्या काकांनी ओल्या फडक्यानं पुसल्या.

खडूनं कच्चं लिहून झालं : जिल्हा परिषद प्राथमिक शाळा. काकांनी ब्रश घेतला. जि झाला. ल्हा ला ते थांबले. जोडाक्षरात ल अर्धा असतो, एकच पाकळी येते. ती त्यांनी दोनदा हवेत काढून पाहिली, मग भिंतीवर. पोरं गप्प बसून बघत होती. हात कापत होता, पण ब्रश टेकला की कापायचा थांबायचा.

निळीचं नाक घेऊन तो पोरगा म्हणाला, "आजोबा, फ्लेक्स का न्हाई लावला?"

"भिंत खडबडीत हाय रं," काका म्हणाले. "चिकटत न्हाई."

आणि 'शाळा'च्या श कडं वळले.